राजापूर : नकाशावरून उतरलेला मतदारसंघ

भिलाईच्या हथखोज भागात आम्ही राहतो, तेथून रेल्वेचा आवाज रात्री स्पष्ट ऐकू येतो. दिवसा तो ऐकू येत नाही, कारण आसपासच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंड कापण्याचा आणि ठोकण्याचा आवाज अखंड चालू असतो. हावड्याहून मुंबईकडे जाणारी गीतांजली एक्सप्रेस याच मार्गावरून धावते. या गाडीचा आणि आमच्या मूळ गावाचा एक नाजूक संबंध आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. १९७७ च्या डिसेंबरात ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्यात वरचा वर्ग नव्हता. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. ती सुरू करणारे रेल्वेमंत्री होते प्रा. मधु दंडवते, आणि ते ज्या मतदारसंघातून निवडून आले होते, त्याचे नाव राजापूर. त्या मतदारसंघात त्या वेळी रेल्वेचा एक फूटही रूळ नव्हता.

आमचे मूळ गाव मालवण तालुक्यातले. पोलाद कारखाना उभा राहत असताना वडील नोकरीसाठी भिलाईला आले आणि येथलेच झाले. मी येथे वाढलो, इतिहास शिकलो, आधी मध्य प्रदेशच्या आणि पुढे छत्तीसगडच्या सेवेत महसूल खात्यात नोकरी केली. सेवाकाळातल्या कितीतरी निवडणुका मतदान केंद्रांच्या याद्या, मतपेट्या आणि पुढे मतदानयंत्रे मोजण्यात गेल्या. निवृत्तीनंतर जुने कागद चाळायची सवय लागली आणि त्या ओघात मी आमच्या मूळ मतदारसंघाचा सगळा निवडणूक-इतिहास एका वहीत उतरवून काढला. वही लवकर संपली, कारण राजापूर लोकसभा मतदारसंघ आता अस्तित्वात नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो नकाशावरून उतरला.

तेरा निवडणुका, चार खासदार

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते. राजापूर हे नाव १९५७ साली आले आणि २००४ पर्यंत टिकले. या काळात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. तेरा निवडणुकांत मिळून या मतदारसंघाने केवळ चार माणसे दिल्लीला पाठवली : बॅरिस्टर नाथ पै तीन वेळा, प्रा. मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चार वेळा. काँग्रेसचा उमेदवार येथे एकदाच निवडून आला, १९९१ साली. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राचा राजकीय इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका ओळीचे नवल वाटल्याशिवाय राहणार नाही.

१९५७ चा विजय समजण्यासारखा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने तेव्हा अर्धा महाराष्ट्र काँग्रेसच्या हातून निसटला होता. खरी कसोटी १९६२ ची. राज्य मिळाले होते, आंदोलन ओसरले होते आणि महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला एकच जागा मिळाली; ती राजापूरची. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा घेतल्या आणि साऱ्या देशात प्रजासमाजवादी पक्षाचे दोनच खासदार उरले. त्या दोघांतले एक राजापूरचे मधु दंडवते. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या. जनता पक्षाला महाराष्ट्रात एक जागा मिळाली. तीही राजापूरचीच.

तीन लाटा, आणि तिन्ही वेळा हा खडक कोरडा. असे का झाले, याचे एक ठरलेले उत्तर कोकणात आणि कोकणाबाहेरही दिले जाते : येथला मतदार सुशिक्षित, चोखंदळ, म्हणून त्याने विद्वान माणसे निवडली. हे उत्तर आम्हां कोकणी माणसांना आवडते. मलाही आवडत असे. पण वही पुरी करताना ते मला अपुरे वाटू लागले.

मुंबईहून येणारे मत

नाथ पै वेंगुर्ल्याचे. बेचाळीसच्या लढ्यातून पुढे आलेले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषविलेले. लोकसभेतली त्यांची भाषणे गाजली, हे सर्वांना ठाऊक आहे. गोलकनाथ खटल्याच्या १९६७ च्या निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे विधेयक त्यांनी खासगी सदस्य म्हणून मांडले. ते त्यांच्या हयातीत संमत झाले नाही, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तीच वाट धरली. एका लहानशा पक्षाच्या, किनारपट्टीवरच्या दरिद्री मतदारसंघाच्या खासदाराने साऱ्या देशाच्या घटनात्मक चर्चेला दिशा द्यावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु आमच्या गावातल्या किती जणांनी गोलकनाथचे नाव ऐकले होते? माझ्या आजीला निवडणुकीची चिन्हे ओळखता येत, अक्षरे येत नसत. घरात पुरुष नव्हते. मोठे काका मुंबईच्या गिरणीत, माझे वडील भिलाईला. गावातल्या बहुतेक घरांची हीच कथा होती. महिन्याला येणारी मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी, आणि वर्षभर शेत, गुरे, म्हातारे आणि पोरे सांभाळणाऱ्या बाया. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. हे प्रमाण निसर्गाने दिलेले नाही, ते गिरणगावाने घडवले आहे.

लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. एका खोलीत वीस-वीस गाववाले पाळीपाळीने झोपत. तेथे गावाचे मंडळ असे, त्याची सभा होई, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरे, आणि निवडणूक आली की मत कोणाला द्यायचे याचीही चर्चा होई. त्या खोल्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची गर्दी झोपायला येई. कामगार संघटना होत्या, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, रात्रशाळा होत्या. तेथे ठरलेले मत आगबोटीने आणि पुढे एस.टी.ने गावाला येई. कधी पत्रातून, कधी सुट्टीवर आलेल्या माणसाच्या तोंडून. राजापूरचे मत राजापुरात घडत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण त्याची एक मोठी भट्टी मुंबईत होती. मतदारसंघ कोकणात आणि त्याची विचारशाळा गिरणगावात, अशी ती व्यवस्था होती.

आजीची झोपडी

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. आदल्या दिवशी ते सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करण्याच्या सभेत बोलले होते. वय अवघे ४८. लोकसभा आधीच विसर्जित झाली होती आणि मार्चमध्ये मतदान होते. समाजवाद्यांनी उमेदवारी दिली मुंबईतल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला. दंडवते मूळचे अहमदनगरचे. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात भाग घेतलेले, विधान परिषदेत काही महिने काढलेले. पण कोकणी नव्हेत.

त्या मार्चमध्ये आजीच्या दुखण्यामुळे आई मला घेऊन गावी आली होती. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. मतदानाच्या दिवशी आजी काठी टेकत शाळेपर्यंत चालत गेली, मी तिच्याबरोबर. परतताना तिने बोटावरची शाई मला दाखवली आणि कोणाला मत दिले ते कोणी न विचारताच सांगितले. झोपडीला दिले होते. प्रजासमाजवादी पक्षाचे ते चिन्ह. वाटेत शेजारची एक बाई म्हणाली की हा माणूस आपल्याकडचा नाही. आजी म्हणाली, “नाथ गेलो. आता हो मास्तर इलो हा, बघूया.”

पुढे वीस वर्षे या ‘बघूया’चे उत्तर मिळत राहिले. आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले. लाकडी बाकावर रात्र काढलेल्या माणसालाच त्या दोन इंच गादीचे मोल कळेल. आम्ही दुर्ग ते मुंबई असा प्रवास दोन्ही प्रकारांनी केला आहे. पण दादरला उतरल्यावर गावाकडे जायला पुन्हा एस.टी.च. घाटातली वळणे घेत रात्रभर.

कोकणात रेल्वे न्यावी ही मागणी नाथ पैंनी लोकसभेत लावून धरली होती. मंत्री झालेल्या दंडवत्यांना ती दोन-सव्वादोन वर्षांत पुरी करता येणे शक्य नव्हते. रोह्यापर्यंत रूळ पोहोचायला १९८६ उजाडले. पुढे १९८९ च्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असे दोन जुने समाजवादी सहकारी एका मंत्रिमंडळात आले आणि १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग डोंगर पोखरत आणि दऱ्या ओलांडत तयार झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो सगळा खुला झाला. भिलाईवरून पहिली गीतांजली गेली त्याला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती.

१९९१

बांधकामाला हात लागला, आणि १९९१ च्या निवडणुकीत दंडवते पडले. सैन्यातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले. पुढच्या निवडणुकीपासून सुरेश प्रभू शिवसेनेच्या वतीने सलग चार वेळा निवडून आले. बाहेरच्यांना हा कृतघ्नपणा वाटला. मलाही काही काळ वाटला, कारण मी भिलाईत बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

घरात काय घडत होते ते मी नंतर जोडून पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. नाथ पैंच्या निधनाला त्या दिवशी अकरा वर्षे झाली होती, हा केवळ योगायोग. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मोठे काका दीड वर्ष वाट पाहून गावी परतले. मनीऑर्डर थांबली. खोल्या ओस पडल्या, गावाच्या मंडळांची रया गेली आणि ज्या भट्टीत राजापूरचे समाजवादी मत घडत असे, ती विझली. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मात्र मुंबईतच राहिला. त्याला गिरणी मिळाली नाही, शाखा मिळाली. १९६६ साली स्थापन झालेली शिवसेना ऐंशीच्या दशकात कोकणात पसरली ती याच तरुणांच्या हातून. गणपतीला येताना ते आता शाखेची भाषा घेऊन येत. १९९० च्या विधानसभेत मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले.

म्हणजे वाट तीच होती. मुंबईहून गावाकडे येणाऱ्या ज्या रस्त्याने एकदा समाजवाद आला, त्याच रस्त्याने पुढे शिवसेना आली. मतदार चोखंदळ होता आणि मग बिघडला, असे मानण्याची गरज नाही. त्याचा मुंबईतला निवारा बदलला, तसे त्याचे मतही बदलले.

१९९१ मध्ये काकांनी दंडवत्यांना मत दिले आणि चुलतभावाने प्रचार केला तो दुसऱ्याचा. दोघे एका घरात राहून आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. निकालानंतर मी काकांना समजूत घालणारे पत्र पाठवले की निदान रेल्वे तरी येणार आहे. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : “गाडी येतली, पण झील काय परत येवचो नाय.” काकांचे म्हणणे खरे ठरले. चुलतभावाने डोंबिवलीत घर घेतले. गाडी आली तिने गावाला येणे सोपे केले. गाव सोडून जाणेही तितकेच सोपे केले.

मतदारसंघही चाकरमानी झाला

आता पुनर्रचनेकडे येतो, कारण हा भाग मी बाहेरून पाहिलेला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेतल्या जागा गोठवल्या आणि २००२ पासून लागू झालेल्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने तो गोठा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवला. मात्र राज्याच्या आत, २००१ च्या लोकसंख्येनुसार सीमा नव्याने आखायच्या, असे ठरले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ते काम केले आणि २००८ मध्ये नवे नकाशे अमलात आले. आमच्या छत्तीसगडमध्ये सारंगढ हा लोकसभा मतदारसंघ गेला आणि कोरबा आला; एकूण जागा अकराच राहिल्या.

महाराष्ट्राच्याही ४८ जागा तशाच राहिल्या. पण मुंबईच्या दक्षिणेला राजापूर, रत्नागिरी आणि कुलाबा असे जे तीन मतदारसंघ होते, त्यांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन उरले. पनवेल, उरण आणि कर्जतचा भाग घाटावरच्या मावळला जोडला गेला. दुसरीकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन मतदारसंघ होते, त्यांचे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार झाले. वहीत हे आकडे शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा मला चुलतभाऊ आठवला. तो डोंबिवलीला गेला, त्याच्यासारखे लाखो गेले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा खासदारही गेला. आमचा मतदारसंघसुद्धा चाकरमानी झाला.

विधानसभेत वेंगुर्ला, मालवण, देवगड ही नावेही मिटली. राजापूर हे नाव विधानसभेच्या एका मतदारसंघापुरते उरले. २००९ मध्ये नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून सुरेश प्रभू काँग्रेसच्या नीलेश राणे यांच्याकडून हरले. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत आणि २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे निवडून आले. प्रभू २०१४ च्या नोव्हेंबरात रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेतून. एकाच मतदारसंघाने दोन रेल्वेमंत्री दिले, असे म्हणावे, तर दुसऱ्याच्या वेळी तो मतदारसंघच नव्हता.

एका म्हाताऱ्याचा प्रश्न

पुनर्रचनेच्या काळात मी एका जिल्ह्यात उपजिल्हाधिकारी होतो. तहसिलांचे नकाशे, गावांची लोकसंख्या आणि प्रस्तावित सीमा यांचे तक्ते तयार करणे हे आमच्याकडचे काम. हरकती ऐकताना एका गावचा म्हातारा उभा राहिला. त्याने विचारले, आमचा बाजार इकडे, तहसील इकडे, मुलींची सासरे इकडे, मग मत तेवढे नदीपलीकडे का? मी त्याला सरासरी लोकसंख्येचा आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. त्याने मान हलवली आणि तो खाली बसला. त्याचे गाव नदीपलीकडे गेले. पुढे दोन निवडणुकांत त्या गावचे मतदान घटलेले मी पाहिले. कारण तेच होते की आणखी काही, हे ठरवण्याएवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण ते म्हातारे तोंड मला अजून आठवते, आणि मी त्याला उत्तर दिले नव्हते, फक्त आकडा दिला होता, हेही आठवते.

पुनर्रचना कायद्याच्या नवव्या कलमात सीमा आखताना भूगोल, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे लिहिलेले आहे. त्याचा प्रश्न कायद्याच्या आतलाच होता. आम्ही मात्र त्यातला मोजता येणारा भाग तेवढा उचलला, कारण तक्त्यात तोच बसत असे. आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. म्हणूनच आदेशापूर्वीच्या सुनावणीत जे ऐकून घेतले जाते, तेवढीच सामान्य माणसाची संधी.

लोकसंख्येची समानता हा क्षुल्लक विचार आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये ओल्ड सारम नावाच्या जवळजवळ निर्जन टेकाडाने १८३२ पर्यंत पार्लमेंटमध्ये दोन सदस्य पाठवले आणि त्याच काळात नवी औद्योगिक शहरे प्रतिनिधीविना होती. डोंबिवलीच्या माणसाचे मत देवगडच्या मताहून हलके असावे, असे कोणत्या तत्त्वाने म्हणणार? पण त्याच ब्रिटनने २०२४ च्या निवडणुकीसाठी नवे मतदारसंघ आखताना मतदारसंख्येची मर्यादा काटेकोर ठेवूनही पाच बेटांचे मतदारसंघ त्यातून वगळले; स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांना सुमारे २१ हजार मतदारांवर स्वतंत्र खासदार आहे. आपल्याकडे साठ हजारांहून कमी मतदारांच्या लक्षद्वीपला आहे. बेटाला जे मान्य केले, ते डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत लांबलचक पसरलेल्या, माणसे गमावत चाललेल्या पट्टीला काही अंशी तरी लागू करता येईल का, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

कारण वेळ जवळ आली आहे. नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. देशभर वाद चालला आहे तो उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या जागांचा, आणि तो रास्तच आहे. पण प्रत्येक राज्याच्या पोटातही एक उत्तर आणि एक दक्षिण असते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली आणि रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. या आकड्यांवर नव्याने रेषा ओढल्या, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. कुटुंबनियोजन केले, मुली शिकवल्या, मुले कमावण्यासाठी बाहेर पाठवली, या सगळ्याची किंमत आवाज कमी होण्यात मोजावी लागणार असेल, तर ती केवळ तामिळनाडू किंवा केरळची तक्रार नव्हे, ती आमच्या गावचीही आहे.

हथखोजचे मत

गेल्या महिन्यात शेजारच्या शेडमधला एक वेल्डर संध्याकाळी माझ्याकडे आला. ओडिशाच्या पश्चिमेकडचा, बारा वर्षे येथे काम करतो, बायकोमुले येथे आणली आहेत, मुलगी येथल्या शाळेत जाते. मतदार यादीतले नाव अजून गावाकडे. दर निवडणुकीला जाणे जमत नाही. नाव इकडे आणायचे तर कोणता अर्ज भरायचा, हे विचारायला तो आला होता. मी अर्ज काढला आणि क्षणभर थांबलो. कायदा स्पष्ट आहे : माणूस जेथे सर्वसाधारणपणे राहतो, तेथे त्याचे नाव असावे. तीस-पस्तीस वर्षे मी तेच लोकांना सांगत आलो. पण माझ्या नजरेसमोर त्याचे गाव होते, तेथल्या शाळेतले मतदान केंद्र होते, आणि काठी टेकत चाललेली कोणाची तरी आजी.

दुर्ग हा तसा बाहेरून आलेल्यांना आपलेसे करणारा मतदारसंघ आहे. १९५२ साली येथून किरोलीकर लोकसभेत गेले आणि १९६७ साली तामस्कर. दोन्ही आडनावे मराठी. माझ्या वडिलांनी आपले नाव मालवणच्या यादीतून काढून येथे आणले, तेव्हा त्यांना काही वाटले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. माझे स्वतःचे पहिले मत दुर्गलाच पडले. झोपडीला मत द्यायची संधी मला कधीच मिळाली नाही.

मी वेल्डरला अर्ज भरून दिला. पत्त्याच्या रकान्यात त्याने हथखोज लिहिले. जुन्या पत्त्याच्या रकान्यात गावाचे नाव लिहिताना त्याने ते दोनदा तपासून घेतले, अक्षर चुकू नये म्हणून. जाताना त्याने विचारले, तिकडे नाव कमी झाले तर गावाला काही फरक पडेल का? मी म्हणालो, एका नावाने पडत नाही. तो गेला. बाहेर अंधार झाला होता, शेडमधला आवाज थांबला होता. मी वही उघडली आणि राजापूरच्या शेवटच्या ओळीखाली सिंधुदुर्गच्या लोकसंख्येचे ते दोन आकडे पुन्हा एकदा वाचले.